डाव्या बाजूचा जोड उघडण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटारींचे डेंटिंग आणि पुट्टीकाम, धंद्यातले नाव पुट्टीमास्तर, हल्ली मुक्काम इस्पितळाचा पुरुष वॉर्ड, खाट क्रमांक सात, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी स्थिर आहे, स्मरण शाबूत आहे आणि मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. इथे ‘राजीखुशीने’ असा शब्द घालायची पद्धत आहे म्हणे. राजी आहे. खुशीचं नाव काढू नका.

बुद्धी स्थिर आहे हे मी पुन्हा लिहितो, कारण या कागदाचा सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी आहे. आज शुक्रवार, तारीख एकवीस. खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर दोन कावळे बसलेत. माझ्या नाकात नळी आहे. परवा रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या एक गिऱ्हाईक बाई येऊन त्यांची गाडी घेऊन जाणार आहेत, आणि त्या गाडीच्या बॉनेटखाली डाव्या बाजूचा जोड मी वेल्डिंग न करता पुट्टीने बुजवलेला आहे. बारा दिवस घसा फोडून हेच सांगतोय. एकही माणूस ऐकायला तयार नाही.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, एवढं मला कळतं. हे मात्र आज दुपारी चार वाजता, भेटीच्या वेळेत, मी जिवंत असताना मोठ्याने वाचलं जाईल. मी मेल्यावर वाचून काय कपाळ करायचं? तोवर गाडी रस्त्यावर असेल.

कलम १. वर्कशॉपच्या मागच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, मोरी आणि पुढचा पत्र्याचा आडोसा यांसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळाव्यात. तिच्या एकटीच्या नावे. जावयाचे नाव त्यात लावू नये. जावयावर राग म्हणून नव्हे. भांडण झालं की बाईमाणसाला आत जाऊन कडी लावायला स्वतःचं दार असावं, एवढंच. तिच्या आईला ते नव्हतं. माझ्याशी भांडली की बिचारी वर्कशॉपातल्या मोडक्या सीटवर जाऊन बसायची आणि मी तिथेही धूळ उडवायचो.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना माझ्याकडून काहीही नाही. अकरा वर्षं त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय. सांगायला गेलं की म्हणतात, ‘बघतो.’ अजून बघतायत.

कलम २. वर्कशॉप, कॉम्प्रेसर, रंगाच्या दोन्ही गन आणि भिंतीवरच्या पाटीसह, जावयाला मिळावे. माणूस चांगला आहे, हे मी शुद्धीवर लिहितोय. रंग मारायला त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. फक्त घाई फार. आणि ती पाटी त्याने काढू नये. पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘आधी वेल्डिंग, मग पुट्टी.’ तीस वर्षं प्रत्येक नवीन कामगाराला मी तिच्यासमोर उभं करून ते मोठ्यानं वाचायला लावलं. जावयालासुद्धा, लग्नाआधी. आणि आता मीच कुठल्या तोंडानं ती पाटी ठेवा म्हणतोय, ते पुढे वाचाल.

कलम ३. माझ्या हातोड्या, पत्र्यामागे धरायच्या लोखंडी डॉल्या, कानशी आणि घासायचे लाकडी ठोकळे मुलीला. ती हे काम करत नाही, शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. तरी तिलाच. लहानपणी ठोकळ्याला घासायचा पेपर गुंडाळून द्यायची आणि सांगायची, ‘बाबा, डोळे मिटून हात फिरवा, डोळ्यांना कळत नाही.’ हे मी तिला शिकवलं की तिने मला, आता आठवत नाही. बँकेत जे काही आहे तेही तिचंच. आकडा लिहीत नाही.

कलम ४. आता मुद्द्याचं.

ही गाडी दोन दारांची, साय रंगाची. बाई चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. बाईंना ती पुन्हा चालती करायची आहे, स्वतः चालवायची आहे, आणि सात वर्षांच्या नातीला शेजारी बसवून समुद्राला न्यायची आहे. नात बसणार डावीकडे. हे लक्षात ठेवा.

बॉनेट उघडलं की इंजिन ज्या पोकळीत बसतं तिथले जोड कंपनीतून उघडेच येतात. एकावर एक दोन पत्रे, मध्ये बोटभर अंतरावर वेल्डिंगचे ठिपके, फटीत पाणी अडवायला सीलर. जुन्या गाडीत त्या फटीत पाणी मुरतं आणि पत्रा आतून खायला लागतो. आमच्याकडे गाडी येते ती लोकांना ते जोड दिसू नयेत म्हणून. दोन पत्रे होते कुठे, असं वाटलं पाहिजे. त्यासाठी कुजका पत्रा कापायचा, नवा बसवायचा, आधी वेल्डिंगचे सुटे टाके मारून धरायचा, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंग. तेही सलग नाही, जरा इकडे, जरा तिकडे, नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. मग ग्राइंडर, मग खालून सीलर, मग वरून पुट्टीचा पातळ हात, आणि घासत बसायचं. माझ्या आयुष्याची चाळीस वर्षं या घासण्यात गेली. फुफ्फुसंही त्यातच गेली. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा मी विचारलं, ‘ही पांढरी पुट्टी कुणी भरली?’ ते हसले नाहीत.

उजवी बाजू मी पूर्ण केली. ती माझ्या हातची, तिला कुणी हात लावू नये. डाव्या बाजूला नवा पत्रा बसवला, सहा टाके मारले, आणि माझा दम संपला. वेल्डिंगचा धूर आत गेला की डोळ्यांपुढे काळोखी यायची. तो शनिवार होता. रविवारी बाई काम पाहायला येणार होत्या. एक बाजू झालेली आणि दुसरी टाके मारलेली, असं दाखवायचं माझ्या जिवावर आलं. पुट्टीमास्तर ना मी! म्हटलं, दाखवण्यापुरतं करू. टाक्यांच्या वरून सीलर दाबला, पुट्टी ओढली, घासली, प्राइमरचा हात दिला. सोमवारी उकरून काढायची, असं ठरवून. देवाशपथ ठरवून.

बाई आल्या. वाकून त्यांनी डाव्या जोडावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, “मास्तर, इथं दोन पत्रे होते ना? गेले कुठं?” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं की बाई, हे नाटक आहे, उद्या खरं करतो. मी सांगितलं नाही. मी म्हणालो, “तीच तर आमची विद्या आहे.” मला फुशारकी आली. हेच वाक्य सध्या मला झोपू देत नाही.

सोमवारी सकाळी कॉम्प्रेसर चालू करताना मी तिथंच कोसळलो, तो थेट या खाटेवर. पहिले काही दिवस मला कसलीच शुद्ध नव्हती. तेवढ्यात जावयाने गुळगुळीत जोड पाहिला, काम झालं असं समजला, वर पक्का रंग मारला आणि इंजिन बसवलं. त्याची काय चूक? पुट्टीच्या आधी वेल्डिंग झालेलंच असणार, असं समजायला मीच त्याला शिकवलं होतं.

पुढच्या डाव्या चाकाचा शॉकअब्सॉर्बर त्याच पत्र्याला वर येऊन मिळतो. चाक खड्ड्यात गेलं की सगळा मार तिथं. सहा टाके ते किती दिवस सोसतील? एकेक करून सुटतील, आणि वरच्या रंगाला केसाएवढी रेघही दिसणार नाही, कारण पुट्टी मी घातलीय. मग एखाद्या वळणावर चाक आत येईल. डावं चाक. ती पोर डावीकडे बसणार आहे. मी हे आणखी कोणत्या शब्दांत सांगू?

कलम ५. माझ्यावर कुणी विश्वास का ठेवत नाही, त्याची कारणे.

एक, ताप चढला होता तेव्हा मी सिस्टरला सांगितलं की पेट्रोलच्या टाकीत मांजर अडकलंय, त्याला काढा. मुलीला सांगितलं, जावयाला सांगितलं, सफाईवाल्यालाही सांगितलं. म्हणे मी रडलो मांजरासाठी. असेन रडलो. टाकीत मांजर नव्हतं, हे मी आज शुद्धीवर लिहून देतो.

दोन, माझी खोड. दिलेली गाडी परत बोलावून उघडायची मला सवय. एका वकिलाच्या गाडीचा दरवाजा मी तीनदा उघडला, तिन्ही वेळा आत सगळं ठीक होतं. जावई म्हणाला, “मामा, तुम्हाला आयुष्यात कुठलं काम पूर्ण झालंय असं कधी वाटलंय का?” बरोबर आहे त्याचं.

तीन, आणि हेच मोठं. पुट्टीमास्तर वेल्डिंगशिवाय पुट्टी भरेल, हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. माझं नावच माझ्या आड आलंय. जावयाने माझ्या समाधानासाठी चुंबक लावून पाहिला. तो चिकटला. चिकटणारच, पुट्टी पातळ आहे आणि खाली पत्राच आहे! बोटांनी वाजवून पाहिलं, आवाज चांगला आला. सीलर भरलाय, का नाही येणार?

मी बाईंना फोन केला. सिस्टरच्या हातापाया पडून तिचा फोन घेतला. बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही आधी बरे व्हा. जावई म्हणाले होते, तुमचा असा फोन येईल म्हणून.” मी जोड, जोड म्हणत राहिलो आणि मला खोकल्याची उबळ आली. त्यांनी फोन ठेवला. पोरं आपल्या बापाला दहा माणसांसमोर वेडा ठरवतात तसं मला वाटलं, आणि ठरवणारी सगळी माझी भली चिंतणारी माणसं. शिव्या तरी कुणाला घालू?

काल जावयाचा हात धरून बसलो. सोडेचना. तो बिचारा वैतागून म्हणाला, “बरं मामा, डॉक्टरांनी लिहून दिलं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे, तर मी स्वतः ग्राइंडर लावतो.” मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “असा दाखला उगाच कसा देणार, आजोबा? मृत्युपत्र वगैरे करायचं असलं तर देतात.”

म्हटलं, मग करू या मृत्युपत्र.

कलम ६. माझा गॅस वेल्डिंगचा संच, नळ्या, टॉर्च आणि दोन्ही चष्मे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला मिळावेत. आम्ही दोघांनी मिळून धंदा काढला. वेल्डिंग दादाचं, पुट्टी माझी. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा हात थरथरायला लागला आणि एका गाडीचा जोड कच्चा राहिला. त्याने स्वतःच मला बोलावून तो दाखवला, म्हणाला, ‘हे परत करावं लागेल.’ आणि मी गिऱ्हाइकासमोर बोललो, “याच्या हाताला कंप सुटलाय, मनावर घेऊ नका, मी दुसऱ्याकडून करून घेतो.” त्याने चष्मा खुंटीला लावला आणि गेला. चार गल्ल्या सोडून त्याने खिडक्यांचे गज आणि फाटकं करायचं दुकान टाकलं. एकोणीस वर्षांत एक शब्द नाही. माझी बायको गेली तेव्हा आला होता. रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मीही हाक मारली नाही.

दादा, तुझा जोड कच्चा होता, पण तू तो झाकला नाहीस. मी झाकला. माझं चुकलं. हे तोंडानं सांगायला मला एकोणीस वर्षांत वेळ झाला नाही, आणि आता दम नाही.

कलम ७. रविवारी सकाळी दहाच्या आत डाव्या बाजूचा जोड माझ्या मुलीच्या डोळ्यांदेखत पत्र्यापर्यंत उकरला गेला नाही, तर कलम १ ते ३ रद्द समजावीत आणि माझे जे काही आहे ते सगळे बाईंच्या नातीला मिळावे. ती राहिली तर.

इथवर दुपारी तीनपर्यंत लिहिले.

पावणेपाच वाजले. डॉक्टर, मुलगी आणि जावई यांच्यासमोर वरचा मजकूर वाचला. निम्मा मी वाचला, दम लागल्यावर उरलेला मुलीने. डॉक्टरांनी मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. त्यांनी दाखल्यावर सही केली.

जावई कपाळाला हात लावून बसला. “मामा, अहो सगळा रंग जाईल.”

“जाऊ दे.”

“इंजिन उतरवावं लागेल.”

“उतरवा, जावईबापू. तुम्ही शब्द दिलाय.”

“आणि आत वेल्डिंग निघालं तर?”

मुलगी कागद हातात धरून उभी होती. म्हणाली, “बाबा, मांजराच्या वेळीही तुम्ही अगदी असंच ठासून बोलत होतात हो.” मग तीच नवऱ्याला म्हणाली, “पण हे खोटं निघालं तर रंग जाईल, एवढंच ना? किल्ली द्या. तुम्हाला जमत नसेल तर मी उकरते.” आणि ती गेली. मागोमाग तोही गेला. रात्रभर मला कुणी काही कळवलं नाही.

कलम ८. हे कलम शनिवारी, तारीख बावीस, लिहिले.

मुलगी कालच वाटेत दादाच्या दुकानी गेली होती. तिने त्याला काय सांगितलं ते ती मला सांगत नाही. आज सकाळी तिघांनी मिळून इंजिन उतरवलं. बाईंनाही तिनेच बोलावून घेतलं. पुट्टी दादाने उकरली. सहा टाक्यांपैकी दोन तुटलेले होते, तिसऱ्याला चीर होती. गाडी वर्कशॉपातून पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आली होती, बस. तेवढ्यात तीन. जावई तिथंच जमिनीवर बसला. त्याला कुणी काही बोलू नये, ही माझी सूचना आहे. दोष माझा आहे, त्याचा नाही.

दादाने बाईंना तिथं सांगितलं, “आमच्या कामाची पद्धतच आहे ही. आधी आकार बघायला असं करून ठेवतात, मग उघडून पक्कं करतात.” ते खोटं आहे. अशी पद्धत नाही. माझी अब्रू राखायला तो एकोणीस वर्षांनी येऊन खोटं बोलला. ते मी इथं खोडून काढतो. मी फसवलं.

चार वाजता दादा आणि बाई दोघं इथं आले. बाई खाटेजवळ उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“माझी नात तिथं बसणार होती, मास्तर.”

“हो.”

“आणि तुम्ही मला त्याच्यावरून बोट फिरवू दिलंत.”

“हो.”

मग म्हणाल्या, “तुम्ही फोन केलात तेव्हा मी ठेवून दिला. ते लिहिलंय का यात?”

“लिहिलंय.”

“बघू.” त्यांनी कलम पाच उभ्या उभ्या वाचलं. “बरोबर लिहिलंय. राहू दे.” त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

दादा पायथ्याशी उभा होता. म्हातारा झालाय. त्याला वाटत असेल, हाही झालाय. त्याने विचारलं, “साक्षीदार कोण?”

म्हटलं, “एक, या बाई करतायत, आत्ताच हो म्हणाल्या. दुसरं कुणी नाही. इस्पितळाच्या माणसांना परवानगी नाही, आणि मुलगी-जावयाची चालत नाही.”

“मी करतो.”

“तुझीही चालत नाही. तुला वेल्डिंगचा संच ठेवलाय. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते.”

“मग खोड तो.”

“दादा…”

“खोड म्हणतो ना, छोट्या.”

मी कलम सहामधला संच, नळ्या, टॉर्च आणि दोन्ही चष्मे खोडले. खोडल्या जागी लहान सही केली आहे. संच आता कलम दोनप्रमाणे वर्कशॉपसोबत जाईल. मग मी त्याला विचारलं, “खालची माफी पण खोडू का?”

तो म्हणाला, “ती राहू दे.”

कलम सातमधली अट पुरी झाली, सबब कलम १ ते ३ कायम. मला आणखी काही लिहायचं नाही. हाताला कंप सुटलाय.

(सही) पुट्टीमास्तर

डॉक्टरांचा दाखला: रुग्णास मी दोन्ही दिवशी तपासले. तो पूर्ण शुद्धीत असून आपण काय लिहितो आहोत याची त्यास जाणीव आहे.
(सही) वॉर्डचे डॉक्टर

साक्षीदार पहिला: मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. गाडी माझी आहे. डाव्या जोडावर वेल्डिंगनंतर पुट्टी भरू नये, नुसता रंग द्यावा, असे मी सांगितले आहे. जोड मला दिसला पाहिजे.
(सही) गाडीच्या मालकीणबाई

साक्षीदार दुसरा: हा माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याने माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे. जोड अजून उघडा आहे. सोमवारी सकाळी मी वेल्डिंग करणार, संच तिथलाच घेईन आणि परत जागेवर ठेवीन. साक्षीदाराने इथे काही मागायचे नसते हे मला माहीत आहे, तरी डॉक्टरांना हात जोडून विनंती की याला सोमवारपर्यंत जिवंत ठेवावे. काम झाल्यावर मी त्याला दाखवायला येणार आहे.
(सही) थोरला भाऊ

ठिकाण: पुरुष वॉर्ड, खाट क्रमांक सात
दिनांक: बावीस, शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच